काचेला चिकटलेल्या शालनबाई

मी फोटो बोलतोय. हळूच बोलतो हं, कारण मी जन्माचा घाबरट. भिंतीवर पाल सरकली तरी माझ्या पोटात गोळा येतो. फोटोला कसलं आलंय पोट, असं म्हणाल तुम्ही. म्हणा! तीस वर्षं एका खिळ्यावर लटकून बघा, मग कळेल.

माझी उंची बारा इंच, रुंदी दहा. माझ्यात तीन माणसं आहेत. खुर्चीत बसलेले सोपानराव, शेजारी उभ्या शालनबाई आणि दोघांच्या मधे त्यांची पाच वर्षांची नात वर्षाली. सोपानराव आज शहाऐंशीचे आहेत. वर्षाली पस्तिशीची झालीय, रावेतला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत नोकरी करते. शालनबाई अकरा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा धड चेहरा आता फक्त माझ्यापाशी उरलाय, आणि माझ्या भीतीचं कारण तेच आहे.

तसे त्यांचे आणखी दोन फोटो आहेत. धाकट्या मुलाच्या, रणजीतच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या आहेत, पण पदर नाकापर्यंत ओढलेला आणि पुढं कुणाच्या तरी मावशीचा अंबाडा. आधार कार्डावरचा फोटो बघून तर त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, "ही म्या न्हाई. ही चुलीतली राख हाय."

माझा जन्म राजगुरुनगरचा. आमच्या भागात तेव्हा कंपन्या यायला लागल्या होत्या, आणि जमिनीच्या मोजणीसाठी सोपानरावांना तालुक्याला खेटे घालावे लागत. त्या दिवशी काम लवकर उरकलं, एसटीला वेळ होता आणि त्यांना फोटो काढायची लहर आली. वर्षाली बरोबर होतीच. तिचे वडील पिंपरीला कंपनीत शिफ्टवर, राहायला एकच खोली, त्यात तिला धाकटा भाऊ झालेला, म्हणून चार वर्षं तिला गावी आजी-आजोबांकडं ठेवलं होतं.

स्टुडिओत पोरीनं दिव्यावरची ती भली मोठी पांढरी छत्री बघितली आणि जे भोकाड पसरलं! फोटोवाला म्हणतोय, "इकडं बघ बाळ, चिमणी बघ," आणि ती आजोबांच्या धोतरात तोंड खुपसतेय. दिवा एकदा उगाच लखकन उडाला तेव्हा तर तिची बोबडीच वळली. शालनबाई उखडल्या. एका हातानं पोरीचे डोळे झाकले, फोटोवाल्याकडं बघून कडाडल्या, "पोरगी भितीय, बास कर की रं!" आणि नेमका तेव्हाच त्यानं खटका दाबला.

म्हणून माझ्यात शालनबाईंचं तोंड अर्धं उघडं आहे. डावी भुवई वर चढलीय, कपाळाला आठी आहे. फोटोवाला ओशाळून म्हणाला, दुसरा काढून देतो. सोपानराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाय तशीच आलीया."

आमचं घर चाकण-तळेगाव रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. कंपन्या वाढल्या तसे कंटेनर वाढले. एकेक कंटेनर गेला की भिंत हादरते, भिंतीबरोबर खिळा, खिळ्याबरोबर मी. मातीच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या, अंगणात भाडेकरूंसाठी आठ खोल्या उठल्या. दर वेळी मला खाली उतरवलं की, आता सुटतोय हातातून, म्हणून मी जीव मुठीत धरायचो.

शालनबाई गेल्या तेव्हा तेराव्याला रणजीत चंदनाचा हार घेऊन आला आणि खुर्चीवर चढला. "अरं ए! आमी दोगं जित्ती हाय न्हवं!" सोपानराव खालून ओरडले. खरंच की! हार घालावा तर तिघांनाही पडणार. रणजीत हार घेऊन खुर्चीवर तसाच उभा, खाली उतरावं की चढून राहावं, त्याला कळेना. शेवटी ठरलं की हार नको. शालनबाई अहेव गेल्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर, म्हणजे माझ्या काचेवर, रोज कुंकवाचं बोट लावायचं. ते काम रणजीतच्या बायकोकडं, पूनमकडं आलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

रोज सकाळी कुंकू लागलं की सोपानराव यायचे. मग मोतीबिंदू वाढला आणि त्यांना मी दिसेनासा झालो. तरी यायचे. बोटानं काच चाचपायचे, कुंकवाचा खडबडीत थर लागला की बोट थांबायचं. "हितं हाय," एवढं म्हणायचे आणि चहाला जायचे. ऑपरेशन करा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं, पण डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की त्यांचं धाबं दणाणायचं. या बाबतीत ते माझेच सख्खे भाऊ.

आता गेल्या नवरात्राचं सांगतो. सांगतानाही अंगावर काटा येतोय.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली चमच्यापासून गोधडीपर्यंत एकूण एक वस्तू बाहेर काढायची, घासायची, धुवायची, उन्हात घालायची. न धुतलेली वस्तू घरात राहिली तर देवी रुसेल म्हणून बायका नुसत्या पेटलेल्या असतात. पूनम दरवर्षी मला ओल्या फडक्यानं पुसायची. गेल्या वर्षी मात्र दहा वर्षांचं कुंकू ओघळून चौकटीच्या कडेला घट्ट बसलं होतं. ती कंबर कसून दोन दिवस राबत होती, भांड्यांचा ढीग संपत आला होता, पुढ्यात मी आलो. तिनं मला पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर आडवा घातला, धुण्याची पावडर टाकली, काथ्यानं खसाखसा घासला आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं.

अगं बाई, मी कढई आहे का? पण मला कोण विचारतंय!

काचेच्या आत पाणी शिरलं. मग तिनं मला तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ताटवाट्यांच्या रांगेत वाळत ठेवला. मी वाळलो, पण काचेला चिकटून वाळलो. ओला झालेला माझा चकचकीत पापुद्रा काचेला असा बसला की दोघांमधून वारा जायला जागा राहिली नाही. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मला मात्र तेव्हाच कळलं की आता काच निघाली तर शालनबाईंचा चेहरा काचेबरोबर जाणार.

दिवाळीनंतर खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. बुरशी. ती धोतरावरून चढली, वर्षालीच्या फ्रॉकवर गेली, संक्रांतीपर्यंत शालनबाईंच्या पदराला लागली. एका सकाळी कुंकू लावताना पूनमचा हात मधेच थांबला. तिनं काच पुसली, डाग गेला नाही. पदरानं पुसली, तरी गेला नाही. मग तिला दसरा आठवला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती कुणाला काही बोलली नाही. सोपानरावांना दिसत नव्हतं, रणजीत कधी वर बघत नव्हता. डागापुढं ती झेंडूचं एक फूल खोचायला लागली. मी भ्यालेलो आणि ती भ्यालेली, असं आमचं दोघांचं दोन महिने चाललं.

अशात एक दिवस जेवताना रणजीत म्हणाला, "आबा, पिंपरीच्या दवाखान्यात नंबर लावलाय. आता नाही म्हणू नका."

सोपानराव भाकरी मोडता मोडता थांबले. "चालंल," म्हणाले. "तिकडं वर गेल्याव हिला वळखायला पायजे न्हवं? पट्टी निघाली की म्या आदी हिला बघनार. मग बाकी समद्यास्नी."

पूनमच्या हातातला डाव आमटीत पडला. माझीही पाचावर धारण बसली.

सोमवारी रणजीतनं त्यांना दवाखान्यात नेलं. वर्षालीचे वडील तिथं सोबतीला बसले. मंगळवारी दुपारी पट्टी काढून घरी सोडणार होते. रणजीत परत येईपर्यंत पूनमनं वर्षालीला फोन लावला होता. माझ्यासमोर उभी राहूनच बोलत होती. "वर्षाली, ये गं पोरी. माझ्या हातनं लय मोठा घोटाळा झालाय. मी आत्याबाईंना धुतलं गं!"

वर्षाली अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या गणवेशातच आली. कंपनीत तिचं काम तयार माल तपासायचं. तिनं मला खाली घेतलं, उजेडात तिरका धरला आणि एका नजरेत सगळं ओळखलं. "काकू, हा काचेला चिकटलाय," एवढंच म्हणाली.

"आत्तिच्या! एवढंच ना?" म्हणत रणजीत पान्हे-पेचकसांचा डबा घेऊन आला. "काच काढतो, नवी बसवतो. दहा मिनिटांचं काम."

त्यानं मागचा पुठ्ठा काढला. खिळे उपटले. माझा खालचा कोपरा चिमटीत धरला आणि ओढला. चर्र झालं. सोपानरावांच्या धोतराचा सोगा काचेवर राहिला आणि माझ्याकडं त्या जागी कोरा पांढरा कागद उरला. अजून चार बोटं ओढलं असतं तर काय झालं असतं, ते आजही मला बोलवत नाही.

"काका, सोडा! सोडा आधी!" वर्षाली इतक्या जोरात ओरडली की रणजीतनं दोन्ही हात वर केले.

मग तिनं मला काचेसकट टॉवेलात गुंडाळलं आणि रणजीतच्या गाडीनं आम्ही चाकणला निघालो. चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. वर्षालीनं मांडीवरचा टॉवेल बाजूला केला आणि माझ्याकडं बघत राहिली. ती बघायला लागली की माझी भीती जरा कमी होते.

"काका, ही काय म्हणतेय ते मला अजून ऐकू येतं," ती म्हणाली. "हे उघडं तोंड बघितलं ना, की आवाजच येतो. नुसता आवाज आठवायला गेले तर येत नाही."

मग ती बोलत सुटली. कंपनीचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा ती घाबरून कणगीमागं लपली होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीनला आज्जी हातातलं काम टाकून यायची आणि पिठाच्या हातांनी तिचे दोन्ही कान झाकायची. आबा म्हणायचे, भिऊ नगं, कंपनीची म्हस हंबरतीया, धार काढायची येळ झालीया. कितीतरी दिवस तिला खरंच वाटायचं की त्या भिंतीआड एक प्रचंड म्हैस आहे.

"आणि तो आंबा, काका!" आंब्याचं नाव निघताच रणजीतही हसला. यांचा आंबा कंपनीच्या भिंतीच्या आत गेला होता. जमीन गेली ती गेली, पण आंबा आमचाच, असं शालनबाईंचं ठाम मत. दर मे महिन्यात नातीचा हात धरून त्या गेटवर जायच्या. पहारेकरी काठी आपटून पोरीला हटकायचा. शालनबाई त्याच्या तोंडासमोर बोट नाचवायच्या, "पोरीला भ्या घालतूस? बास कर की रं!" शेवटी तो बिचारा स्वतः झाडावर चढून पोतंभर कैऱ्या काढून द्यायचा. "मला जे जे म्हणून भीती घालायचं," वर्षाली म्हणाली, "त्या सगळ्यांशी ही भांडलीय."

स्टुडिओवाल्याचं नाव दिग्विजय. पंचविशीचा, चटपटीत पोरगा. त्यानं मला हात न लावता नुसतं वाकून बघितलं, तेव्हाच मला बरा वाटला. "काच काढूच नका," तो म्हणाला. "चेहरा काचेवर जाईल. बुरशी आत आहे, ती हळूहळू चढणार. ती काही माझ्यानं थांबायची नाही. वरून फोटो काढून एआयनं नवीन करून देतो. एकदम कडक होईल, भाऊ."

"डाग दिसता कामा नये," रणजीत म्हणाला. "उद्या म्हाताऱ्याला बघायचाय."

तासाभरात नवा फोटो तयार झाला. काय सांगू! सोपानरावांच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या, धोतराचा सोगा परत आला, वर्षालीच्या फ्रॉकवर नसलेली फुलं उगवली. शालनबाई दोन बोटं गोऱ्या झाल्या. आठी गेली, भुवया एका रेषेत आल्या, आणि तोंड मिटून त्या गोड हसायला लागल्या. "क्या बात है!" रणजीत म्हणाला. वर्षालीनं त्या मिटलेल्या तोंडावर एकदा बोट ठेवलं आणि पाकीट उघडलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा येणार होता आणि दुसरा काही उपाय तिच्याजवळ नव्हता.

घरी येताच नवा फोटो माझ्या खिळ्यावर चढला. मला रणजीतनं निर्माल्याच्या पोत्यात घातलं. फुटका, डागाळलेला फोटो घरात ठेवू नये म्हणतात. "आबांचं एकदा पार पडू दे. परवा पुलावरून नदीत सोडून येतो." पोतं ओसरीवर दाराआड ठेवलं. वाळक्या झेंडूंत तोंड खाली करून मी पडलो होतो आणि इंद्रायणीचं पाणी मला आत्ताच नाकातोंडात गेल्यासारखं वाटत होतं. दोन बादल्यांनी माझी ही गत झाली, तिथं नदी म्हणजे काय! माझं सोडा, पण माझ्याबरोबर त्यांचा चेहराही जाणार होता, आणि हे मला कुणाला ओरडून सांगता येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी गाडी आली. काठीचा टकटक आवाज ओसरीवरून आत गेला. पुढचं मी पोत्यातून ऐकलं.

"आबा, आधी बसा, पाणी घ्या," वर्षालीचा आवाज.

"मागनं. आदी हिला बघू दे."

काठी थांबली. काळा चष्मा कपाळावर चढवल्याचं कुणीतरी बोललं. बाहेर एक कंटेनर गेला.

"रणजीत," सोपानराव म्हणाले, "ही बाई कोन हाय?"

"आई आहे की, आबा."

"न्हाई."

"आबा, नवीन डोळा आहे, दोन दिवस जरा धूसर दिसेल म्हणालेत डॉक्टर..."

"धूसर न्हाई. झ्याक दिसतंय. तुझी दाढी पांढरी झालीया ती दिसतीया. ही आपली न्हवं. आपली काय बोलतीया म्हायती न्हाई का तुला? ही तर बोलतच न्हाई." आवाज एकदम खाली आला. त्यात मला माझीच भीती ऐकू आली. "का रं... म्या इसारलो का तिला? डोळा आला अन् तिचं त्वांड गेलं का माज्या ध्यानातनं?"

मग बांगड्या वाजल्या, पावलं ओसरीवर आली, पोत्याचं तोंड उघडलं. पूनम. घाईत तिनं मला एका कोपऱ्याला धरून वर ओढलं; पडलो तर आत्ताच पडलो, असं मला झालं. तिनं मला छातीशी धरून आत नेलं आणि सोपानरावांपुढं धरलं.

"मामंजी, तुम्ही विसरला नाही. आत्याबाई ह्यात आहेत. दसऱ्याला मी पावडर लावून धुतला. माझी चूक आहे. काय बोलायचं ते मला बोला."

म्हातारा माझ्यावर वाकला. डाग त्यांनी बघितला, आपला गेलेला सोगा बघितला. मग त्यांची नजर वर गेली आणि थांबली. मोतीबिंदू वाढल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बोट लावावं लागलं नाही.

"ही बग," ते म्हणाले. "कावतीया अजून."

आणि त्यांच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं. "आबा, डोळा ओला करायचा नाही!" वर्षाली रुमाल घेऊन धावली, आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली.

पूनम मान खाली घालून उभीच होती. सोपानराव तिच्याकडं वळले. ती दोन पावलं मागं सरकली.

"हिनं बी एकदा दसरा काढला हुता," ते म्हणाले. "माजी बंडी धुतली. खिशात मोजणीचा कागद हुता, त्याचा पार लगदा झाला. म्या दसऱ्यापास्नं दिवाळीपातूर तिच्याशी बोललो न्हाई. ती रोज ताट वाढायची अन् म्होरं हुबी ऱ्हायची. म्या खाली मान घालून जेवायचो. ईस दिस." त्यांनी चष्मा खाली ओढला. "त्यातला एक दिस कुनी परत दील का गं मला? तुला काय बोलू म्या? चा टाक जा."

पूनम तिथंच खाली बसून रडली. चहा शेवटी रणजीतनं केला.

मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. नवा फोटो वर्षाली रावेतला घेऊन गेली आणि कपाटात ठेवलाय म्हणते. मोबाईलमध्येही तिनं मला काढून घेतलंय, पण सोपानरावांनी मोबाईलला बोट लावलं की शालनबाई सरकतात आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. त्यावरून छापून आणते म्हटली, तर म्हणाले, "आता नकली न्हाई आनायची." त्यांना मीच लागतो. आता रोज सकाळी ते खुर्ची ओढून समोर बसतात आणि चहा तिथंच घेतात.

भीती गेली म्हणता? छे! बुरशी थांबलेली नाही. काल पूनमनं बोटं लावून बघितलं. डागापासून शालनबाईंची हनुवटी आता दोन बोटांवर आहे. हनुवटीनंतर ओठ. सोपानरावांचा दुसरा डोळा अजून तसाच आहे, त्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू म्हणालेत. म्हातारा म्हणतो, "एका डोळ्यानं अर्धीच दिसतीया. दोनी डोळं आलं की निवांत बगीन."

डॉक्टरसाहेब, मी भिंतीवरचा एक भित्रा फोटो. तुमच्यापर्यंत माझा आवाज पोचतोय की नाही, ठाऊक नाही. पण पावसाळ्यात हवा दमट असते हो. तारीख जरा अलीकडं घ्या.